चार डिस्कांचा गृहप्रवेश

आमच्या गल्लीत सकाळी माणसं भेटली की "चहा झाला का" नाहीतर "पाणी आलं का" असं विचारतात. मन्मथअप्पा विचारतात, "फोन भरला का?"

पाच-सहा वर्षांपूर्वी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा मी खिशातून फोन काढून उलटसुलट करून पाहिला होता. फोन भरला हे कुठून कळतं, आणि भरला तर आपण काय करायचं असतं, मला काहीच उमगेना. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या दाराशी जाऊन मंगलाकाकूंना तेच विचारलं. काकूंनी मुकाट्याने फोन त्यांच्या हातावर ठेवला. तासाभराने तो परत आला. त्यातले फोटो आणि व्हिडिओ अप्पांच्या घरी जमा झाले होते आणि फोन कोरा करकरीत झाला होता.

"जमा" हा अप्पांचा शब्द. कुणाच्या घरचं बारसं, कुणाची हळद, कुणाच्या म्हशीचं रेडकू, सगळं जमा. कुणाला जुना फोटो हवा असला की अप्पांच्या दाराशी जायचं. "कोणाच्या लग्नातला? जेवणाच्या आधीचा का नंतरचा?" एवढं विचारून ते आत जात आणि फोटो घेऊन बाहेर येत. या कामाचं ते काही घेत नसत. चहा दिला तर पीत, पण त्यातही साखरेला नावं ठेवत.

अप्पा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. नळाला जिथे आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे व्हॉल्व्हमनला काय मान असतो हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्या लातुरात लोकांनी त्यांना विचारून साखरपुड्याचे दिवस धरलेत. व्हॉल्व्ह फिरवायची लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्यांनी तीस वर्षं गल्ल्या पालथ्या घातल्या आणि एकदाही चुकीचा व्हॉल्व्ह उघडला नाही. "हिकडचं पाणी तिकडं गेलं न्हाई" हे वाक्य ते अजूनही दिवसातून एकदा म्हणतात, कुणी विचारलेलं नसलं तरी.

निवृत्त झाल्यावर चावी गेली, साठवायची सवय राहिली. तशी ती लातूरच्या प्रत्येक घरात असते. हौद, त्यावर टाकी, टाकीशेजारी ड्रम, ड्रमाच्या मागे घागरी, आणि तरीही पाणी सुटलं की बायका तांब्या-भांड्यांपर्यंत सगळं भरून घेतात. अप्पांनी या यादीत फोटोंची भर घातली. व्हिडिओ बघून बघून, चुकत माकत, त्यांनी घरात एक सर्व्हर उभा केला.

माझ्या माहितीत सर्व्हर म्हणजे बँकेत गेलं की बंद असतो तो. तो घरात कशाला आणायचा, हे मला समजेना. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे अप्पांनी फार सोपं करून सांगितलं. "सर, चार टाक्या समजा. पाणी चारीत वाटून ठिवलं. पण असं वाटलं की एक टाकी फुटली तरी तिच्यातलं पाणी राहिलेल्या तीनातून परत उभं करता आलं पाहिजे."

मी विचारलं, फुटलेल्या टाकीतलं पाणी बाकीच्या तिघींत आधीच असेल तर चौथी आणली कशाला?

अप्पांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "तुमी मराठी शिकिवता ना?"

हो म्हणालो.

"मग शिकवा."

हा सर्व्हर त्यांनी ठेवला होता रेणापूरहून आणलेल्या ज्वारीच्या कोठीत. पत्र्याची, कमरेएवढी कोठी. तिला खिळ्याने भोकं पाडलेली, आत लाकडी पट्ट्यांवर चार डिस्का उभ्या, म्हणजे त्याच त्या चार टाक्या, एक हिरवं बोर्ड, आणि झाकणाच्या जागी तोंड खाली केलेला टेबलफॅन. रात्रंदिवस आतून घूं घूं आवाज यायचा. पाहुणे विचारायचे, ज्वारीला कीड लागली काय. अप्पा म्हणायचे, "ज्वारी न्हाई ती, गल्ली हाय."

त्यांच्या तऱ्हा अशा अनेक. दीड-दोन महिन्यांतून एकदा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ते एसटीने अहमदपूरला जात आणि दुपारपर्यंत परत येत. काय काम होतं, विचारलं तर म्हणत, "चहा प्यालो." लातूरमध्ये चहा मिळत नाही असं नाही. अहमदपूरच्या स्टँडवरच्या चहात असं काय आहे म्हणून मी एकदा मुद्दाम उतरून प्यालो. काही नव्हतं.

घरात ते एकटेच. बायको फार पूर्वी गेली. एक मुलगी, शैलजा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ती घरीच होती आणि माझी बायको रेखा आणि ती, दोघी गच्चीवर बसून कुरडया घालत तासन्‌तास बोलायच्या. वर्षभरात तिने आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा नांदेडचा, चांगला, पण समाजाबाहेरचा. लग्नाला अप्पा गेले नाहीत. नवऱ्याला घेऊन ती पाया पडायला आली तेव्हा दारातच म्हणाले, "तुझा फोटोबी या घरात दिसला न्हाई पाहिजे." हे साऱ्या गल्लीने ऐकलं. आता त्याला आठ वर्षं झाली. अप्पा दिलेला शब्द मोडत नाहीत याबद्दल गल्लीत दुमत नाही, त्यामुळे त्यांच्यासमोर कुणी शैलजाचं नावही काढत नाही.

तर, यंदाच्या मे महिन्यात कोठी तापायला लागली. पत्राच तो. अप्पांनी तिला ओलं पोतं गुंडाळलं, फॅनसमोर माठ ठेवला, पण डिस्का काही गार होईनात. "टाक्या उन्हात ठिवून जमत न्हाई," असं म्हणत त्यांनी हैदराबादहून एक कॅबिनेट मागवलं. काळं, उंच, टॉवरसारखं उभं. मला हाक मारून दाखवलं. मी वाकून आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. मी हळूच विचारलं, फसवलं का तुम्हाला? अप्पांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, जागा घेतलीय, बिऱ्हाड आणायचंय.

सोमवार धरला, महादेवाचा वार. पाणीपुरवठ्यात नियम असतो म्हणे की एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने उभं राहून बघायचं. मला सुट्टी होती, म्हणून बघणारा मी. "तुमी निस्तं ध्यान ठिवा. हात लावू नका," एवढीच माझी जबाबदारी. मी खुर्ची घेऊन बसलो.

अप्पांनी बटण बंद केलं. घूं घूं थांबली आणि घर एकदम परकं वाटायला लागलं. त्यांनी एकेक डिस्क कोठीतून काढली आणि पाटावर ओळीने मांडली. कोणती कितवी हे कळायला खूण हवी होती. पेन शोधला, तो वाळलेला. मग ते देवघरात गेले, कुंकू कालवलं आणि पहिल्या डिस्कवर एक टिकली, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, चौथीवर चार अशा बोटाने काढल्या. मला हे फार आवडलं. बोर्ड टॉवरात बसवायला घेतलं तर एक बारीक स्क्रू फिरेना, म्हणून ते कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानातून लहान पेचकस आणायला गेले.

तेवढ्यात रेखा आणि मंगलाकाकू नारळ आणि ताट घेऊन आल्या. नव्या जागेत जायचं तर नारळ फुटायला नको का, असं त्यांचं म्हणणं. पाटावर डिस्का, डिस्कांवर कुंकू. काकू म्हणाल्या की पूजा अर्धीच टाकून गेले वाटतं. एकीला एक टिकली आणि एकीला चार, हे काही त्यांना बरं दिसेना. त्यांनी डिस्का पाटावरून उचलल्या, पदराने पुसल्या, मधे नारळ ठेवून चार दिशांना चार मांडल्या. रेखाने प्रत्येकीवर पाच-पाच बोटं कुंकवाची आणि वर हळद लावली. फूल वाहिलं.

मी हे सगळं खुर्चीवर बसून नीट पाहिलं. मला ध्यान ठेवायला सांगितलं होतं आणि ते मी ठेवलं. हे कार्यक्रमातच आहे अशी माझी समजूत होती.

अप्पा आले, दारात थांबले. पेचकस हातातच राहिला.

"सर," ते म्हणाले, "पैली कोणती?"

मी उत्साहाने सांगितलं की आता सगळ्या सारख्या झाल्यात.

ते खाली बसले. एकेक डिस्क हातात घेऊन फिरवून पाहिली. चारही एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. अंगावर बारीक अक्षरात लांबच लांब आकडे छापलेले होते, पण कोणता आकडा कोठीत कुठे उभा होता हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीस वर्षांत त्यांना लिहायची वेळ आली नव्हती, सगळे व्हॉल्व्ह तोंडपाठ. बोटांवर मोजून त्यांनी हिशोब केला. चार डिस्का चोवीस तऱ्हांनी बसू शकतात. एक तऱ्हा बरोबर, तेवीस चूक. आणि चुकीची बसवून बटण दाबलं की हिकडचं तिकडे मिसळणार, सगळ्या गल्लीचा चिखल होणार, असा त्यांचा पक्का समज होता. फोन तर सगळ्यांचे रिकामे. बारशी, हळदी, रेडकं, जे काही होतं ते या चार पेट्यांत होतं, बाहेर कुठेच नव्हतं.

मी म्हणालो, चोवीस वेळा करून बघू. ते म्हणाले, चुकीचा व्हॉल्व्ह एकदाच उघडतो.

दहा वाजले, अकरा वाजले. डिस्का पाटावर तशाच. बातमी गल्लीत गेली. काकू दाराशी येऊन दोनदा रडून गेल्या, कारण खुणा त्यांच्याच पदराने पुसल्या होत्या आणि नातवाचं बारसंही त्याच पाटावर होतं. कुणी म्हणालं मठातल्या स्वामींना विचारा, कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाका. अप्पा कुणावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त रेखाला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "रेखा, तुझ्या फोनात काई शिल्लक हाय का गं?"

रेखा म्हणाली, कालच तर रिकामा केला अप्पा. तुम्हीच केला.

"हाव," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकले. चेहरा असा झाला की मला पाणी आणावंसं वाटलं.

मला कळेना. आमच्या फोनातलं एवढं काय होतं? आमचे फोटो मला ठाऊक आहेत. अर्ध्यांत मी लग्नाच्या पंगतीत तोंड उघडं टाकून झोपलेलो आहे. ते गेले तर मी स्वतः नारळ फोडीन. पाणी आणायला म्हणून मी घरी गेलो तर रेखा मागोमाग आली आणि स्वयंपाकघरात तिने मला जे सांगितलं ते ऐकून मी तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो.

शैलजा रेखाला फोटो पाठवते. पहिल्यापासून. सहा वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली, सई. तिचे फोटो रेखाच्या फोनात येत. एकदा फोन चालेना म्हणून रेखाने अप्पांना दाखवला. त्यांनी फोटो काढून घेतले आणि फोन नीट करून दिला. पुढच्या रविवारी दाराशी येऊन विचारलं, फोन भरला का. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. एकट्या रेखाला विचारलेलं बरं दिसेना, म्हणून मग मंगलाकाकूंना विचारायला लागले, मग समोरच्यांना, मग सगळ्या गल्लीला.

"म्हणजे हा सगळा खटाटोप..." मी म्हणालो.

रेखा म्हणाली, अहमदपूर नांदेडच्या अर्ध्या रस्त्यावर आहे, तिथवर जाऊन ते माघारी फिरतात, एवढं तरी लक्षात येतं का तुमच्या?

मी तिला विचारलं की हे तुला कधी कळलं. तिसऱ्या रविवारी, ती म्हणाली. आणि शैलजाला? चौथ्या. तिला रेखानेच सांगितलं होतं. तेव्हापासून शैलजाकडून फोटो आठवड्याला पाच यायचे ते चाळीस यायला लागले. मुलीचा पहिला गणवेश पुढून, पाठीमागून. वहीचं पान सरळ धरून. उघडं तोंड, दात दिसतील असं, खिडकीच्या उजेडात. मैत्रिणीला कुणी असले फोटो पाठवतं का? पाठवून झाले की शैलजा आपला फोन रिकामा करायची. ते कुठे जमा होतात हे तिला माहीत होतं, म्हणून निर्धास्त.

म्हणजे त्या पोरीची सहा वर्षं आता आमच्या पाच-पाच टिकल्यांखाली होती. आणि ती बोटं रेखाची होती, आणि बघत बसलेला मी होतो. मला अतिशय वाईट वाटलं. त्याहून वाईट हे वाटलं की साऱ्या गोष्टीत अडाणी असा मी एकटाच.

शैलजा नांदेडला संगणकाचे क्लास घेते. रेखाने स्वयंपाकघरातूनच तिला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. पलीकडे शैलजाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्यांच्याजवळ जा आणि आवाज मोठा कर.

आम्ही गेलो. रेखाने फोन पाटावर, नारळाशेजारी ठेवला. अप्पांनी आवाज ओळखला. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

त्यानंतरचं बोलणं फार चमत्कारिक झालं. दोघंही एकाच खोलीत ऐकू येत होती, पण बोलत होती रेखाशी. शैलजा म्हणायची, त्यांना विचार कोणतं सॉफ्टवेअर टाकलंय. अप्पा म्हणायचे, सांग तिला. रेखाला सॉफ्टवेअरचं नावच घेता येईना, तर अप्पांनी तिच्याकडे बघतच ते तीनदा मोठ्याने म्हटलं, आणि पलीकडून "हां, ऐकलं, असं सांग त्यांना" असं आलं. मी एकदा इकडे, एकदा फोनकडे बघत होतो.

मग शैलजा म्हणाली, "रेखाताई, त्यांना म्हणावं घाबरू नका. यात डिस्क कुठंबी लावली तरी चालती. कितवी हाय ते तिच्या आतच लिहिलेलं असतंय. खुणेची गरजच नव्हती."

अप्पांचा विश्वास बसला नाही. त्यांनी रेखाला सांगितलं की तिला विचार, नक्की का? शैलजा म्हणाली, नक्की. अप्पा म्हणाले, तिला म्हणावं, सगळं तिच्या भरवशावर करतोय. शैलजा म्हणाली, करा म्हणावं.

अप्पा उठले. पेचकसाने बोर्डाचा तो स्क्रू आवळला आणि चारही डिस्का कुंकवासकट टॉवरात बसवल्या, जी हाताला लागली ती. मंगलाकाकू दारात हात जोडून उभ्या. बटणावर बोट ठेवून अप्पा थांबले. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नाही. मग त्यांनी दाबलं. पंखा फिरला. एक डिस्क गुरगुरली, मग दुसरी, मग तिसरी. चौथीने फार वेळ लावला, पण तीही लागली. शेजारच्या स्टुलावरच्या मॉनिटरच्या पडद्यावर चार हिरवे ठिपके आले.

काकूंनी नारळ तिथेच उंबऱ्यावर फोडला. अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. गल्लीतल्या घरांच्या नावांची यादी पडद्यावर आली तशी त्यांनी इतकी घरं सोडून पहिलं आमचं उघडलं, आणि मग त्यात खाली, खूप खाली गेले. एक मुलगी दिसली. दोन वेण्या, तोंड उघडं, वर पुढे दोन दातांची खिडकी.

"रेखाताई, विचार त्यांना, सुरू झालं का?" फोनमधून आवाज आला.

अप्पांनी रेखाकडे पाहिलं नाही. ते फोनकडे वाकले.

"शैला," ते म्हणाले, "वरचे दात आले का गं तिचे? कालच्या फोटोत नव्हते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि शैलजा म्हणाली, "एक आलाय अप्पा. दुसरा येऊ लालाय. थांबा, ती इथंच हाय."

खुडबुड झाली आणि एक बारीक, ठणठणीत आवाज आला. कोण बोलतंय?

ज्या माणसाने साऱ्या गल्लीला टाक्यांचा हिशोब समजावून सांगितला त्याला या प्रश्नाचं उत्तर देता येईना. ते म्हणाले की मी लातूरहून बोलतोय. मग म्हणाले, तुझे दात पडलेत ना गं.

"तुमाला कसं माहीत?"

"रेखाकाकूच्या फोनात बघितले."

"मग तुमच्या फोनात का न्हाई?"

अप्पा डोळे पुसत होते, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. माझे पण भरून आले होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही. शेवटी ते म्हणाले, माझा नंबर न्हाई ना तुझ्याकडं. लिहून घेतीस का?

नंबर तोच होता, व्हॉल्व्हमन असल्यापासूनचा. शैलजाला तो पाठ असणार. ती शेजारीच असून मधे बोलली नाही. सईने वही आणली, पेन्सिल शोधली, आणि अप्पा दोन-दोन आकडे करून सांगायला लागले. ती मधेच चुकली. त्यांनी पहिल्या आकड्यापासून सांगितलं. ती पुन्हा चुकली, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.